'आन हेस्सॉयो' बरोबर होतं, तरी सर गप्प का झाले?

"ताई, मी नाशिकची, कोरियात देजॉनला पीएचडीला येऊन सात महिने झाले. यायच्या आधी वर्षभर कोरियन शिकले, टोपिकची, म्हणजे कोरियन भाषेच्या परीक्षेची, दुसरी लेव्हल पण काढली, तरी इथे तोंड उघडलं की काहीतरी घोळ होतोच. मागच्या आठवड्यात लॅब मीटिंगला सरांनी कोरियनमध्ये विचारलं, प्रयोग केला का. मशीन दोन दिवस दुसऱ्या ग्रुपकडे होतं म्हणून माझं राहिलं होतं, तर मी म्हटलं 'आन हेस्सॉयो'. केलं नाही. व्याकरणाने बरोबर आहे ना? शेवटी 'यो' पण लावला. पण एकदम शांतता, आणि शेजारचा सीनियर खाली मान घालून बसला. त्याच रात्री उशिरा घरी आले, मी हासुकजिपमध्ये राहते म्हणजे जेवणासकट भाड्याची खोली, तिथल्या इमोने, म्हणजे खोलीवाल्या मावशीने, विचारलं 'पाप आन मॉगॉस्सॉ?', जेवली नाहीस? मी म्हटलं 'आनियो', म्हणजे नाही जेवले. ती बरं म्हणाली आणि सगळं आवरून झोपायला गेली. मी उपाशी. हे भूतकाळातलं नम्र नकारार्थी एकदा नीट सांगा ना, पुस्तकात चार-चार प्रकार दिलेत पण कुठला कधी वापरायचा ते कुठेच नाही. – उपाशी नाशिककर"

अगं उपाशी नाशिककर,

आधी हसले, त्याबद्दल सॉरी. मग वाईट वाटलं कारण मी पण हे सगळं भोगलंय.

तर पहिली गोष्ट, तुझं व्याकरण शंभर टक्के बरोबर होतं. 'आन' म्हणजे नाही, 'हेस्सॉयो' म्हणजे केलं, आणि 'यो' म्हणजे मान. टोपिकच्या पेपरात कुणी अर्धा मार्क कापला नसता. पण टोपिक-१ मध्ये ३० प्रश्न ऐकण्याचे आणि ४० वाचण्याचे, बोलायचं काहीच नाही, त्यामुळे २०० पैकी १४० काढून दुसरी लेव्हल मिळते पण सरांसमोर कुठला 'नाही' काढायचा हे त्यात कुणी विचारत नाही.

आता हेच मराठीत करून बघ. तू नाशिकला एखाद्या ऑफिसात आहेस, साहेबांनी विचारलं "रिपोर्ट केला का?" आणि तू म्हणालीस "नाही केला." बस, एवढंच. वर "नाही केला हो" म्हणालीस तरी काय फरक पडला? साहेब तुझ्याकडे बघतच राहणार ना. तू असं कधीच म्हणणार नाहीस, तू म्हणशील "सर, अजून झाला नाही" किंवा "सर, जमलं नाही, मशीन बंद होतं". हे तुला कुणी शिकवलं नाही, लहानपणापासून येतं. आणि गंमत म्हणजे कोरियनमध्ये अगदी हेच तीन 'नाही' आहेत, फक्त पुस्तकात त्यांना तीन वेगवेगळ्या धड्यांत टाकलेलं असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

केलं नाही – आन हेस्सॉयो. करता आलं नाही, जमलं नाही – मोथेस्सॉयो. झालं नाही – आन द्वेस्सॉयो.

पहिल्यात मर्जी तुझी. करायचं नव्हतं म्हणून नाही केलं, किंवा साधी माहिती, की नाही केलं. लहान पोरं फुलदाणी फुटल्यावर म्हणतात ना "मी नाही केलं!" त्याला कोरियन पोरं म्हणतात "चेगा आन गुरेस्सॉयो!" तोच 'आन'. दुसऱ्यात 'मोत' आहे, म्हणजे इच्छा होती पण परिस्थिती आडवी आली किंवा आपली ताकद कमी पडली. तिसऱ्यात तर तू वाक्यातच नाहीस, काम आहे, ते झालं नाही. "शिल्हॉमी चाल आन द्वेस्सॉयो", प्रयोग नीट झाला नाही. आता सांग, सरांनी तुझं पहिलं वाक्य ऐकलं तर त्यांना काय वाटलं असेल? की पोरीने केलं नाही आणि वर शांतपणे सांगतेय. 'यो' ने ते झाकलं जात नाही, कारण 'यो' फक्त समोरच्याला मान देतो, कामाचं काय झालं ते तो सांगत नाही.

तुला म्हणायचं होतं ते असं: "किग्येरुल मोत सॉसॉ शिल्हॉमुल आजिक मोथेस्सुम्निदा." मशीन वापरता आलं नाही म्हणून प्रयोग अजून करता आला नाही. आणि लगेच पुढे "नेइल्क्काजी हागेस्सुम्निदा", उद्यापर्यंत करते. हे दुसरं वाक्य विसरू नकोस, कारण नुसतं 'मोत' सारखं सारखं वापरलं की ते पण रडगाणं वाटायला लागतं, आपल्याकडे नाही का दर वेळी "जमलं नाही, जमलं नाही" म्हणणारा माणूस असतो, तसं. 'सुम्निदा' वालं रूप 'यो' पेक्षा जास्त औपचारिक, मीटिंगमध्ये काम सांगताना ते बरं. कॉरिडॉरमध्ये भेटले तर 'यो' चालतो.

या वाक्यात एक गोष्ट बघ, मशीन वापरता 'आलं नाही म्हणून', आपण मराठीत दोन्हीकडे भूतकाळ टाकतो. कोरियन कारणाच्या भागात टाकत नाही. 'सॉसॉ' मध्ये काळ नाहीच. आजारी होते म्हणून आले नाही – "आपासॉ मोत वास्सॉयो", हे पटकन म्हणताना 'मोद्वास्सॉयो' असं ऐकू येतं. आपली मुलं 'आपास्सॉसॉ' करून मोकळी होतात कारण डोक्यात 'होते' असतं. काळ शेवटी एकदाच लावायचा.

आता साचा. भूतकाळाचं तुला येतंच, धातूचा शेवटचा स्वर आ किंवा ओ असेल तर 'आस्स', बाकी सगळ्यांना 'ऑस्स', आणि हादा, म्हणजे करणं, असेल तर 'हेस्स'. का-दा म्हणजे जाणं, त्याचं कास्सॉयो, मॉक-दा म्हणजे खाणं, त्याचं मॉगॉस्सॉयो. आणि एक सुख मी माझ्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगायचे, की मराठीत आपण गेलो नाही, गेले नाही, गेली नाहीस, गेल्या नाहीत, गेलं नाही असे किती प्रकार करतो आणि कोरियनमध्ये या सगळ्याला एकच, आन गास्सॉयो. बाई-पुरुष नाही, मी-तू नाही. एवढं ऐकून मुलं खूश व्हायची आणि पुढच्या तासाला मानाचं 'शी' आलं की तोंडं पडायची, त्याच्याकडे येते.

पुस्तकातले चार प्रकार म्हणजे काय तर 'आन' आणि 'मोत' हे दोन, आणि प्रत्येकाचं एक आखूड रूप, एक लांब रूप. आखूड म्हणजे नकार आधी: आन गास्सॉयो, मोत कास्सॉयो. लांब म्हणजे नकार नंतर: काजी आनास्सॉयो, काजी मोथेस्सॉयो. आपण पण म्हणतोच की, "नाही गेले" आणि "गेले नाही". पण इथे एक खड्डा आहे. मराठीत "गेले नाही" मध्ये भूतकाळ 'गेले' वर आहे, नाही तसाच राहतो. कोरियनमध्ये उलटं, क्रियापद कोरडं राहतं, 'काजी', आणि भूतकाळ, मान, सगळं ओझं नकारावर जातं, आनास्सॉयो. मराठी डोकं काय करतं, भूतकाळ क्रियापदाला लावतं आणि म्हणतं 'कात्ची आनायो'. आणि ते म्हटलं की नकार राहतच नाही बरं का! ते प्रश्नासारखं ऐकू येतं, "गेला नाही का?", म्हणजे गेलाच ना. त्याचंच आटून आटून झालंय 'कात्चानायो', गेले ना मी, तुला माहितीये की. तू मालिका बघत असशील तर 'माल्हेत्चानायो' दर भागात दहा वेळा ऐकलं असशील, म्हणजे "सांगितलं नाही का मी तुला!" आता मराठीत पण बघ, "सांगितलं नाही" मध्ये नकार, आणि "सांगितलं नाही का!" मध्ये चक्क ठासून होकार. दोन्ही भाषांनी एकच गंमत केलीये. फक्त तू सरांना चुकून ते म्हणू नकोस, "केलं ना मी, सांगितलं की" असा सूर लागेल.

मग लांब रूप कशाला वापरायचं? एक म्हणजे लिहिताना, ईमेलमध्ये, ते जरा शांत आणि नीटनेटकं वाटतं. "मेइरुल ह्वागिनहाजी मोथेस्सुम्निदा, चेसोंगहाम्निदा", मेल बघता आली नाही, माफ करा, हे वाक्य पाठच करून टाक, आयुष्यभर पुरेल. आणि दुसरं, जे पुस्तकं मोठ्याने सांगत नाहीत, की लांब रूपात धातू मोडावा लागत नाही. मेप्ता, म्हणजे तिखट असणं, त्याचं भूतकाळात मेवॉस्सॉयो होतं, तो 'प' कुठे गायब झाला ते आठवत बसावं लागतं. तुत्ता, ऐकणं, त्याचं तुरॉस्सॉयो. लांब रूपात काही भानगड नाही, शेवटचा 'दा' काढ, 'जी' लाव, मग आनास्सॉयो. मेप्ची आनास्सॉयो, तुत्ची आनास्सॉयो. तिथला 'जी' दाबून 'ची' ऐकू येतो तेवढंच. जीभ अडखळली की लांब रूप पकड, वाचशील. आणि 'कुरॉखे मेप्ची आनास्सॉयो' म्हणजे "एवढं काही तिखट नव्हतं", हे इमोला ऐकवायला पण छान आहे, सोलापूरकडच्या माणसाला तर मनापासून म्हणता येईल. फक्त अशा गुण सांगणाऱ्या शब्दांना सहसा 'मोत' लावायचा नाही, तिखट असणं कुणाच्या हातात नसतं. तिथे 'आन'च.

हादा वाल्यांची एक गोष्ट. अभ्यास करणं कोंगबुहादा, तर 'आन कोंगबुहेस्सॉयो' नाही, 'कोंगबु आन हेस्सॉयो'. हे मी समजावून सांगायची गरजच नाही, आपण म्हणतो "अभ्यास नाही केला", कोण म्हणतं "नाही अभ्यास केला"? नाम वेगळं निघत असेल तर नकार मध्ये घुसतो. 'चोआहादा', म्हणजे आवडणं, यात मात्र 'चोआ' हे नाम नाही, म्हणून आन चोआहेस्सॉयो. आवडलं नाही म्हणायचं तर मला स्वतःला 'माउमे आन दुरॉस्सॉयो' जास्त गोड वाटतं, शब्दशः बघितलं तर मनात शिरलं नाही. आपलं "मनात भरलं नाही" म्हणतो ना, जवळजवळ तेच.

काही क्रियापदांना 'आन' लागतच नाही कारण त्यांचा नकार वेगळाच शब्द आहे. माहीत असणं आल्दा, नसणं मोरुदा, भूतकाळात मोल्लास्सॉयो, माहीत नव्हतं. असणं इत्ता, नसणं ऑप्ता, भूतकाळात ऑप्सॉस्सॉयो. आपण कुठे "नाही होतं" म्हणतो, "नव्हतं" म्हणतो. पण इथे मराठी तुला फसवते. दूध नव्हतं आणि ते दूध नव्हतं, दोन्हीला आपला 'नव्हतं' एकच. कोरियनमध्ये घरात दूध नव्हतं तर 'उयुगा ऑप्सॉस्सॉयो', आणि ग्लासात जे होतं ते दूधच नव्हतं, ताक निघालं, तर 'उयुगा आनिऑस्सॉयो'. यात माझे हुशार विद्यार्थी सुद्धा गडबडायचे. बोलायच्या आधी स्वतःला विचार, वस्तू गायब होती की वस्तू वेगळीच होती.

आता मान. 'यो' हा समोर जो ऐकतोय त्याच्यासाठी, आपल्या "नाही आला हो" मधल्या 'हो' सारखा. 'शी' हा ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्यासाठी, "आजी जेवल्या नाहीत" मधल्या अनेकवचनासारखा. दोन्ही वेगवेगळे चालतात. मैत्रिणीला आजीबद्दल सांगतेस तर 'हाल्मॉनी आन दुश्यॉस्सॉ', शी आहे, यो नाही. सरांना ज्युनियरबद्दल सांगतेस तर 'आन वास्सॉयो', यो आहे, शी नाही. आणि स्वतःला शी कधीही नाही! सर विचारतील "आन दुश्यॉस्सॉयो?", जेवला नाहीत का, आणि तू तेच उचलून "ने, आन दुश्यॉस्सॉयो" म्हणशील, ते म्हणजे "हो, मी जेवल्या नाहीत". तुझं उत्तर 'आन मॉगॉस्सॉयो'.

यात मी स्वतः काय दिवे लावले ते सांगते. बुसानला एका ऑफिसात नवीन होते, फोन आला, मॅनेजर आहेत का. मी छान आवाजात म्हटलं "क्वाजांगनिम ऑप्सॉयो". व्याकरण बरोबर, यो पण आहे. पण ऑप्ता हे दूध, पैसे, वेळ यांना. मोठ्या माणसाला केशीदा, त्याचा नकार आन केसेयो, काल नव्हते तर आन केश्यॉस्सॉयो. मी म्हणाले ते जवळपास "मॅनेजर संपलेत" असं झालं असणार. पलीकडचा माणूस दोन सेकंद गप्प आणि मागे मॅनेजर स्वतः उभे. ते हसले म्हणून वाचले, पण पुढचा महिनाभर चहाच्या वेळी ते मुद्दाम दारातून विचारायचे, "मी आहे का?"

उच्चाराचं थोडक्यात. 'मोत' हा शब्द रंग बदलतो, आणि तुला ऐकताना तो सापडत नाही याचं कारण तेच. क च्या आधी मोत, म च्या आधी मोन: मोन मॉगॉस्सॉयो. ह च्या आधी त आणि ह एकत्र होऊन थ: मोथेस्सॉयो. 'आन' मात्र गुणी आहे, फारसा बदलत नाही, फक्त 'आन हेस्सॉयो' भराभर म्हणताना 'आनेस्सॉयो' होतो. एक छोटी जागा जपून, 'चाल मोत तुरॉस्सॉयो' म्हणजे नीट ऐकू आलं नाही, आणि 'चालमोत तुरॉस्सॉयो' म्हणजे चुकीचं ऐकलं. लिहिताना फरक फक्त मधल्या जागेचा. फोनवर सरांचं कळलं नाही तर पहिलं, 'चाल' नंतर किंचित थांबून.

आता इमो. इमो म्हणजे मावशी, आपण पण डबेवालीला, खानावळवालीला मावशीच म्हणतो, त्यामुळे मला तो शब्द फार जवळचा वाटतो. तिने विचारलं "जेवली नाहीस?" मराठीत तू म्हणतेस "नाही", आणि आईला कळतं की पोर उपाशी आहे. कोरियन माणूस मात्र प्रश्नाला उत्तर देतो. विचारणाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, तर 'ने'. त्याचं म्हणणं चूक आहे, तर 'आनियो'. तू 'आनियो' म्हणालीस म्हणजे "छे, तसं काही नाही, जेवले की मी". इमोने निवांत भांडी आवरली यात तिची काय चूक! म्हणायचं होतं "ने, आजिक आन मॉगॉस्सॉयो", हो, अजून नाही जेवले. नकाराच्या प्रश्नाला नुसतं 'ने' किंवा नुसतं 'आनियो' देऊन कधी थांबू नकोस, मागे क्रियापद जोडायचंच, म्हणजे पहिला शब्द चुकला तरी दुसरा जेवायला घालेल. आणि इथे 'मोत' वापरलास, "आजिक मोन मॉगॉस्सॉयो", तर त्यात "वेळच मिळाला नाही हो" असं येतं, मग इमो नुसतं ताट वाढणार नाही, सोबत एक अंडं पण तळेल. मी हे स्वतः अनेकदा केलंय, लाज नाही वाटत.

शेवटचं, सरांना उद्या काकाओटॉकवर मेसेज टाकणार असशील तर स्पेलिंग बघ. आखूड रूपातला 'आन' हा 'आनी' चा तुकडा, त्याच्या खाली फक्त न. लांब रूपातला 'आन' हा 'आनीहादा' आटून झालाय, म्हणून त्याच्या खाली न च्या शेजारी ह पण बसतो. उच्चारात काही कळत नाही, कोरियन लोक स्वतः यात रोज चुकतात. आधी 'जी' आला असेल तर ह वाला, क्रियापदाच्या आधी एकटा उभा असेल तर बिनह वाला. मेसेज लिहून झाला की एकदा त्या सीनियरला दाखव, ज्याने मान खाली घातली होती. तुला त्या दिवसाबद्दल त्याला काही म्हणायचंच असेल तर "मोल्लास्सॉयो" म्हण.